सोलापुरातून एज ऑफ एम्पायर्स: लॅग, डिसकनेक्ट आणि मॅचसाठी ताटकळणं

चाळीस एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा केला, शंभरचा दोनशेचा केला, तरी एज ऑफ एम्पायर्ससारख्या ऑनलाइन लढायांच्या खेळात ऐन लढाईत घोडे जागीच थबकतात. जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, तक्रार एकच. पैसे मात्र चुकीच्या जागी गेलेले असतात, कारण या खेळांना स्पीड जवळपास लागतच नाही.

१९९७ चा पहिला एज ऑफ एम्पायर्स २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आठ जणांत चालावा, असं ठरवून बांधला होता. प्रत्येकाच्या मशीनवर अख्खी लढाई स्वतंत्रपणे चालते. नेटवरून जातात ते फक्त हुकूम: हे धनुर्धारी तिकडे, ही गावकरीण लाकडावर. तुमचा हुकूम लगेच अमलात येत नाही, दोन टर्न (खेळाचे ठरावीक वेळेचे टप्पे) पुढे येतो, आणि त्या खेळात एक टर्न साधारण २०० मिलिसेकंदांचा होता. सगळ्यांचे हुकूम पोचल्याशिवाय कोणाचंच मशीन पुढच्या टर्नला जात नाही. म्हणून चौघांपैकी एकाचं वायफाय रडत असलं की चौघेही अडकतात. संथ कॉम्प्युटरचंही तेच: आठ जणांच्या मॅचमध्ये उशिरा उशिरा सगळं जड होतं, तेव्हा नेटला शिव्या देण्याआधी कोणाचा प्रोसेसर दमलाय ते बघा.

बनवणाऱ्यांना तेव्हाच एक गोष्ट कळली होती. पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंना जाणवत नाही, अर्ध्या सेकंदापुढे टोचायला लागतो. पण सतत एकसारखा असलेला उशीर परवडतो, क्षणात कमी क्षणात जास्त होणारा परवडत नाही. पिंगचा आकडा, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, ९० आहे की ४० यापेक्षा तो हलतो किती, हे बघा.

बिघाड कुठे आहे हे शोधायला दहा मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, दुसरीत गूगलचा ८.८.८.८, दोन्हींना डॅश टी लावून पिंग सुरू ठेवा आणि मॅच खेळा. अडकलं की बाहेर येऊन वाचा. राउटरचाच आकडा ८०, १५०, टाइमआउट असा उड्या मारत असेल तर दोष घरातला. केबल ऑपरेटरला फोन करून उपयोग नाही. राउटर एक-दोनवर स्थिर आणि फक्त दुसरी खिडकी बिघडलेली असेल, तर दोष घराबाहेरचा किंवा तुमची लाइन तुंबलेली. वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी ट्रेसर्ट कमांड लावलात तर मधल्या एखाद्या ओळीतल्या चांदण्या (उत्तर न आल्याची खूण) बघून घाबरू नका. बरेच राउटर पिंगला उत्तर देणं टाळतात. तूट शेवटच्या ओळीपर्यंत टिकली तरच ती खरी.

घरातल्या दोषावर इलाज एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: लॅन वायर. कॅट ५ई पुरते. वायर शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफाय, २.४ वरच राहायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला. डीएनएस बदलून पिंग कमी होतो, हा सल्ला सोडून द्या. डीएनएस नाव शोधतो, मॅच चालवत नाही.

तुंबलेली लाइन ओळखायला सोपी. घरातला एखादा मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवत असतो आणि अपलोड भरतं. अपलोड १० एमबीपीएस आणि राउटरच्या रांगेत १ एमबी डेटा साठला, तर तुमचा हुकूम ०.८ सेकंद मागे उभा. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर चालू करा आणि मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५–९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर बॅकअप रात्री उशिरा, आणि विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट इतरांनाही पाठवणारी सोय) बंद.

आता बाहेरची बाजू. घरात येते ती फायबर की खांबावरच्या स्विचमधून आलेली लॅन वायर, हे ऑपरेटरला विचाराच. फायबरच्या जीपॉन जोडणीत ऑपरेटरच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेच वीज लागत नाही, त्यामुळे लाइट गेली तरी १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर मॅच पूर्ण होते. ओएनटी (फायबर जिथे जोडलेली असते तो डबा) आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा, यूपीएस तेवढे देतो का बघा. खांबावर स्विच असेल तर तुमचा यूपीएस शोभेचा. गल्लीची लाइट गेली की स्विच बंद. ओएनटीच्या पानावर मिळणारी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, तीही बघा: उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेलं की तुटणारच. कुठेतरी वायर दुमडलेली असते किंवा जोड खराब असतो. हा आकडा सांगितला की ऑपरेटरचा माणूस ‘रिस्टार्ट करा’ म्हणायचं थांबतो.

अंतराचं गणित बदलता येत नाही. फायबरमध्ये दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. एज ऑफ एम्पायर्सच्या मालक मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया सर्व्हर केंद्र पुण्यात आहे, सोलापूरहून रस्त्याने अडीचशे किलोमीटर. मुंबई ते लंडन सरळ रेषेतच ७,२०० किलोमीटर, म्हणजे कागदावरच ७२ मिलिसेकंद, आणि समुद्राखालची केबल सरळ जात नाही. मित्रांसाठी लॉबी (मॅच जमवायची खोली) लावताना सर्व्हरच्या यादीत भारत दिसत असेल तर तोच घ्या.

रँक्डमध्ये, म्हणजे रेटिंगसाठीच्या मॅचमध्ये, ताटकळावं लागतं ते नेटमुळे नव्हे, माणसांमुळे. तुमच्या रेटिंगच्या आसपासचं कोणी रांगेत नसेल तर शोध हळूहळू रुंदावतो. आपल्याकडे दुपारी बारा वाजता युरोप नुकता कामाला लागलेला असतो आणि अमेरिका झोपेत. मध्य युरोपातली संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे आपली हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथून पुढे रांग पळते. नको ते सगळे नकाशे बाद केलेत तर वाट तुम्हीच लांबवलीत. बुधवारी पहाटे खेळणाऱ्यांनी स्टीमची (खेळ जिथून घेतला आणि चालवला जातो ते दुकान) मंगळवारची देखभाल लक्षात ठेवावी, अमेरिकेतली मंगळवारची दुपार म्हणजे आपली बुधवारची पहाट.

‘आउट ऑफ सिंक’ आलं तर लाइन निर्दोष आहे. कोणाच्या तरी मशीनवरची लढाई वेगळी झाली. सगळ्यांनी डेटा मॉड (खेळाचे नियम-आकडे बदलणाऱ्या जोडफाइल्स) काढा, स्टीममधून फाइल्स तपासून घ्या.

झिरो एडीसारख्या दुसऱ्या लढाईच्या खेळात स्वतः होस्ट करायचं (मॅच आपल्या मशीनवर भरवायची) असेल तर राउटरमधला वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. राउटरमध्ये यूडीपी २०५९५ पोर्ट कितीही उघडा, त्याचा उपयोग नाही. मग होस्ट दुसऱ्याला करू द्या किंवा ऑपरेटरकडे स्थिर पब्लिक आयपी मागा.

आणि गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, नंदीध्वजांच्या मार्गावर राहणाऱ्यांनी टीम टूर्नामेंटची तारीख ऑपरेटरला विचारूनच ठरवा. उंच काठ्यांसाठी आडव्या वायरी काढाव्या लागतात, आणि परत कधी जोडतील ते त्यालाच माहीत.