माजघराचं दार: पॅनल निघालं, काच बसेना

मंडळी, माजघराच्या दारातलं लाकडी पॅनल काढून तिथे काच बसवायची आहे, आणि पॅनल निघालं! दाराचे सांधे न सोडवता, पॅनल धरणाऱ्या खाचेची आतल्या बाजूची कड उडवायची, असं मागे ठरलं होतं, तसंच केलं. राऊटरला (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राला) बेअरिंगवाला रिबेट बिट (कडेला पायरी पाडणारं पातं) लावला आणि दर फेरीत थोडंथोडंच लाकूड घेतलं. कोपरे गोल राहतातच, ते पटाशीनं काढले. तैलरंगाच्या थरांनी पॅनल खाचेत चिकटून बसलं होतं. सुटताना जो ‘टक्’ आवाज आला, त्याच्यासाठी सगळी धूळ माफ.

बिटवर पैसे वाचवू नका. सागात सिलिका असते, स्वस्त संचातल्या बिटची धार बघता बघता जाते. कार्बाइडचा एकच घ्या, पण चांगला.

वजनाची काळजी मिटली. गाळा, म्हणजे पॅनलची मोकळी जागा, ४२० बाय ७६० मिमी. काचेचं वजन १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ५ मिमीची काच साधारण ४ किलो. काढलेलं २० मिमी सागवानी पॅनलही तेवढंच भरतं. बिजागऱ्या आहेत त्याच राहतील.

आता खरं दुखणं. कर्ण सारखे, गुण्याही चारही कोपऱ्यांत बरोबर बसतो. पण जुन्या खिडकीची साधी काच मापाला कापून ठेवली तर ती डुलते. समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात, उरलेले दोन अधांतरी. दाराला पीळ आहे! (पुठ्ठ्याच्या टेम्पलेटवर हे कधीच कळलं नसतं, पुठ्ठा आपणहून वाकतो.) खात्रीसाठी कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोऱ्या ताणल्या. सपाट चौकटीत त्या मधोमध एकमेकींना जेमतेम शिवतात. इथे मध्ये २ मिमी फट, म्हणजे कोपऱ्यात ४. दोऱ्यांची खाली-वर अदलाबदल करून बघा, एका क्रमात फट लपते.

लाकडी पॅनलचं यात काही बिघडत नव्हतं, ते खाचेत सैलच असतं. काचवाला म्हणतो, “बिडिंगनं दाबा हो, बसते.” (बिडिंग म्हणजे काच धरून ठेवणारी बारीक लाकडी पट्टी.) बसेलही, पण कायम ताणाखाली राहील. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या, काचेच्या कडेला जरा ठोका लागला की अख्खी काच चुरा. शिवाय भट्टीतून आल्यावर ती कापता येत नाही, घासताही येत नाही.

मग उंच कोपरे तासावेत? बाहेरची कड मुळात ८ मिमी, त्यातले ४ गेले तर उरतं काय! जाड फोम टेप लावली तर बाहेरून तिरकी फट दिसणार. सुतारकाकांचा सल्ला होता दार खोलून सांधे नव्याने बसवायचा. काका, तुमचे हात वेगळे, माझे वेगळे.

हे लिहितानाच एक सुचतंय. मधोमध ३० मिमीची आडवी पट्टी टाकली तर? काच दोन तुकड्यांत, प्रत्येकाची उंची ३६५. उंची निम्मी, म्हणजे प्रत्येक काचेच्या वाट्याला पीळही निम्मा: ४ चे २ मिमी. तेवढा ३ मिमीच्या फोम टेपमध्ये सहज जिरतो. दारही जुन्या तावदानांसारखं दिसेल. ठरलं! एका मोठ्या काचेचा बेत रद्द. ऑर्डर दिली नव्हती हे बरं.

पट्टी आणि बिडिंग दोन्ही काढलेल्या पॅनलमधूनच चिरणार. बाजारात ‘सागवानी’ म्हणून मिळणारी बिडिंग बरेचदा रंगवलेलं भलतंच लाकूड असतं. पॅनलची एक पट्टी रंधून पाहिली, आतला सोनेरी रंग चौकटीशी तंतोतंत जुळतो. त्या आनंदात उरलेलं पॅनलही रंधून टाकलं.

काचेला चहूबाजूंनी ३ मिमी मोकळीक, खाली दोन रबरी ठोकळे, आणि बिडिंगचे खिळे काचेवर पुठ्ठा धरूनच ठोकायचे. सिलिकॉन न्यूट्रल घेणार, व्हिनेगरच्या वासाचं नको. पुढेमागे लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) घातली तर तिच्या आतल्या थराला व्हिनेगरवालं चालत नाही.

एकच अडलंय: आडवी पट्टी चौकटीच्या उभ्या लाकडांमध्ये कशी अडकवावी? जुनी खाच समोरून उघडीच आहे, तिच्यात टोकं बसवून फेव्हिकॉल आणि एकेक स्क्रू पुरेल, की डोवेल (सांध्यातल्या लाकडी खुंट्या) हवेतच? ज्यांनी आधीच जोडलेल्या चौकटीत मागाहून पट्टी घातली आहे त्यांनी सांगा, रविवारी कापायला घेतोय.