आमची वाटचाल : पिगीबॅकपासून स्टँडअलोनपर्यंत

आम्ही टर्बो गाड्यांची इंजिनं ट्यून करतो. सुरुवातीची कामं पिगीबॅकची. कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तसाच, मध्ये एक छोटी पेटी, आणि ती सेन्सरचा सिग्नल बदलून त्याला चकवणार. थोड्या बूस्टला (टर्बोने भरलेल्या हवेच्या जादा दाबाला) चालून जातं. बूस्ट वाढलं की मूळ ईसीयू स्वतःची दुरुस्ती करायला लागतो आणि या ओढाताणीत टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) नक्की किती, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून टर्बो गाडीला आता स्टँडअलोनच, म्हणजे मूळच्या जागी स्वतंत्र ईसीयू.

ग्राहक आधी ब्रँड विचारतो. आम्ही क्रँकच्या चाकाचे दात बघतो. ६०-२ की ३६-१ (एकूण दात आणि त्यातले गाळलेले), सेन्सर हॉल (इलेक्ट्रॉनिक) की व्हीआर (चुंबक-कॉइलचा), हे ईसीयूला वाचता यायला हवं. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) १ बारचा असेल तर बदलायचाच. १.५ बार बूस्ट म्हणजे निरपेक्ष २.५ बार, तिथे ३ बारचा लागतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर). चार सिलिंडरच्या ३०० हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनाला प्रत्येकी मिनिटाला साधारण ५५० सीसीचे इंजेक्टर धरतो, ८५ टक्के ड्यूटीच्या (उघडं राहण्याच्या वेळेच्या) हिशोबाने.

जॉब कार्डावर पहिली ओळ मात्र बेस टायमिंगची. ती टिक झाल्याशिवाय फ्युएल टेबल (पेट्रोलचा तक्ता) उघडायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करायचं, पुलीच्या खुणेवर टायमिंग लाइट मारायचा, खूण १० वर येईपर्यंत ट्रिगर ऑफसेट (क्रँक सेन्सरच्या सिग्नलची अंशांतली दुरुस्ती) बदलायचा. मग ४००० आरपीएमपर्यंत न्यायचं. खूण सरकत गेली तर व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी बहुधा उलट्या आहेत. ऑफसेट बदलून हे झाकू नये. वेस्टेड स्पार्कच्या (एक कॉइल दोन सिलिंडरना, एक स्पार्क वाया) गाडीवर डायलवाला लाइट दुप्पट अंश दाखवू शकतो, तो शून्यावर ठेवूनच वापरावा. इथली ५ अंशांची चूक पूर्ण मॅपभर (पेट्रोल-टायमिंगच्या तक्त्यांत) जाते आणि बूस्टखाली नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टन फुटू शकतो.

मॅपिंग वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या दाबावर सुरू, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.८ च्या आसपास, टायमिंग मुद्दाम मागे. बूस्ट नंतर.

नवे हात हमखास फसतात ते इथे: बूस्टमध्ये वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) अचानक लीन (पेट्रोल कमी) दाखवतो आणि लगेच पेट्रोल वाढवलं जातं. पण स्पार्क विझला तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि आकडा लीनच दिसतो. पेट्रोल ओतून मिसफायर आणखी वाढतं. आधी प्लग काढून गॅप मोजायचा. ०.६ ते ०.७ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो कमी करायचा, कॉइलचा ड्वेल (चार्ज होण्याचा वेळ) तपासायचा, आणि मगच लॅपटॉपला हात.