पियर्स स्ट्रीटवरचे डॉक्टर आणि आमचे मार्करकाका

माझी लेक इथे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडमधे, बॅटरी पार्कच्या पब्लिक कोर्टवर टेनिस खेळते. तिथे जवळच आर्थर ॲश ह्या काळ्या टेनिसपटूचं भलंमोठं म्यूरल, म्हणजे भिंतीवरचं चित्र, रंगवलंय. एका संध्याकाळी बॉल गोळा करता करता ती म्हणाली, आई, ह्याला कोणी शिकवलं गं? ॲश ह्याच शहरात जन्मला, 1975 ला विम्बल्डन जिंकला, इथे त्याचा पुतळा आहे, 2019 पासून एका मोठ्या रस्त्याला त्याचं नाव आहे, एवढं मला सांगता आलं. शिकवलं कोणी ते नाही सांगता आलं. मग वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता इतकी गुंतले की मागच्या शनिवारी आम्ही तिघं गाडी काढून दोन तासांवरच्या लिंचबर्गला जाऊन आलो, एका डॉक्टरांचं घर बघायला.

पण आधी रिचमंडचंच सांगते. ब्रूक रोडवर आमचं मोठं पोस्ट ऑफिस आहे, ओसीआय कार्डाचे, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाचे, कागद वगैरे पाठवायला मी किती वेळा तिथे गेलेय. त्याच जागी पूर्वी ब्रूक फील्ड नावाचं मैदान होतं, फक्त काळ्या लोकांसाठीचं. ॲशचे वडील त्या मैदानाचे केअरटेकर, घरही मैदानातच, म्हणजे दार उघडलं की समोर कोर्ट. आर्थर सहा वर्षांचा असताना आई गेली. त्याच सुमाराला रोनाल्ड चॅरिटी नावाचा कॉलेजातला एक मुलगा तिथे खेळायला यायचा, हा स्वतः बराचसा पुस्तकं वाचून टेनिस शिकलेला, आणि काडीसारखं बारीक एक पोरगं रोज कडेला बसून बघतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पोराच्या हातात रॅकेट दिली, पकड शिकवली, पुढची काही वर्षं शिकवत राहिला. आणि मग त्याने जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं, की ह्याच्या पुढचं मला शिकवता येणार नाही हे ओळखून 1953 ला, आर्थर दहा वर्षांचा असताना, तो त्याला लिंचबर्गच्या डॉ. जॉन्सनांकडे घेऊन गेला. आपल्या हातचा असा हिरा दुसऱ्याच्या हातात द्यायला फार मोठं मन लागतं.

डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन, जन्म 1899 चा. तरुणपणी कॉलेजात फुटबॉल असं खेळायचे की लोकांनी ‘व्हर्लविंड’ नाव पाडलं, म्हणजे वावटळ. टेनिस हातात घेतलं ते चांगलं मोठं झाल्यावर. दिवसभर पेशंट बघायचे, आणि घराच्या मागच्या अंगणात स्वतःच्या खर्चाने टेनिस कोर्ट बांधलेलं. तो काळ असा की पब्लिक पार्कातली कोर्टंसुद्धा काळ्यांना बंद. आमच्याच रिचमंडच्या बर्ड पार्कच्या कोर्टवरून छोट्या ॲशला परत पाठवलेलं. गोऱ्यांच्या टेनिस संघटनेच्या स्पर्धांत प्रवेश नाही म्हणून काळ्या लोकांनी 1916 ला स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली होती, एटीए, आणि तिच्या स्पर्धा वर्षानुवर्षं स्वतःच चालवत आले होते. डॉक्टर त्यातलेच.

1946 ला एटीएच्या नॅशनल्समधे डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्राने, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचे डॉ. ह्यूबर्ट ईटन ह्यांनी, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली एक उंच मुलगी फायनल हरताना बघितली. अल्थिया गिब्सन. शाळा अर्धवट सोडलेली. दोघा डॉक्टरांनी ठरवलं की शाळेचे महिने ही ईटनांकडे राहील, त्यांच्या अंगणातल्या कोर्टवर सराव करेल, शाळा पुरी करेल, आणि उन्हाळ्यात जॉन्सन तिला स्पर्धांना घेऊन फिरतील. परक्याची वयात आलेली मुलगी घरात ठेवून घेतली, जेवूखाऊ घातलं, शाळेत घातलं, आपल्याकडे गावाकडची पोरं शिकायला शहरात नातेवाइकांकडे ठेवायचे ना तसं, फक्त इथे नातं काहीच नव्हतं. 1949 ला ती शाळा पास झाली. 1950 ला फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेच्या नॅशनल्समधे खेळणारी पहिली काळी खेळाडू झाली, आणि पुढे 1956 ला फ्रेंच, 1957 आणि 58 ला विम्बल्डन आणि यूएस दोन्ही. मधे ती भारतातही येऊन गेली होती बरं का! अमेरिकन सरकारने आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं होतं तेव्हा, आणि दिल्लीत तिची इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी ओळख झाली. बक्स्टन ज्यू, तिलाही क्लबांनी बाहेर ठेवलेलं. ह्या दोघींनी मिळून 1956 ला पॅरिस आणि विम्बल्डनची डबल्स जिंकली. हे वाचलं तेव्हा मी लेकीला उठून सांगायला गेले.

पण अल्थियावर डॉक्टर थांबले नाहीत, इथेच तर त्यांचं मोठेपण आहे. शार्लट्सव्हिलला शाळकरी मुलांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा व्हायची, फक्त गोऱ्यांची. डॉक्टरांनी आयोजकांच्या मागे लागून काळ्या मुलांना प्रवेश मिळवला. पहिली दोन मुलं गेली आणि पहिल्याच फेरीत वाईट हरून आली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दार उघडलं ना, माझं काम झालं. ह्यांनी घरीच मुलांचं शिबिर सुरू केलं. दर उन्हाळ्यात कुठून कुठून मुलंमुली येऊन डॉक्टरांच्या घरी राहायची, राहणं जेवण बॉल प्रवास, बहुतेक सगळा खर्च डॉक्टरांच्या खिशातून.

आणि शिस्त कशी, तर हातात रॅकेटच्या आधी झाडूचा दांडा. दांड्याने बॉल मारायचा म्हणजे नजर बसते. बागेतलं तण काढायचं, कुत्र्यांची खुराडी साफ करायची, आणि हे खुराड्याचं काम सगळ्यात लहान म्हणून ॲशच्या वाट्याला यायचं. जेवताना टेबलावर कसं बसायचं, काटाचमचा कसा धरायचा तेही शिकवायचे. ॲश नवीन होता तेव्हा म्हणायला लागला की मला मिस्टर चॅरिटींनी वेगळं शिकवलंय, मी तसंच खेळणार. डॉक्टरांनी वडिलांना फोन करायला लावला, वडील रिचमंडहून गाडी चालवत आले आणि एवढंच सांगितलं की इथे राहायचं तर डॉक्टर सांगतील ते करायचं. विषय संपला.

एक नियम मात्र वाचून माझ्या पोटात तुटलं. समोरच्याचा बॉल लाइनच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आत धरायचा आणि खेळत राहायचं. अंपायरने चुकीचा निर्णय दिला तर तोंडातून शब्द नाही काढायचा, चेहरासुद्धा बदलायचा नाही, साइड बदलताना बॉल उचलून समोरच्याच्या हातात द्यायचे. का, तर काळी पोरं भांडतात, चिडतात, असं म्हणून हाकलून द्यायला कोणाला निमित्त मिळू नये. माझी लेक अकरा वर्षांची आहे आणि लाइनवरच्या एका बॉलवरून ती दहा मिनिटं वाद घालते, आणि मला ते आवडतं, कारण तो तिचा हक्क आहे. तेवढ्याच वयाच्या पोराला गिळायला शिकवताना त्या माणसाला किती जड गेलं असेल. लोक ॲशच्या शांतपणाचं फार कौतुक करतात, पण मला वाटतं तो शांतपणा कशातून आला तेही सांगायला पाहिजे.

शेवटी 1960 ला, रिचमंडमधे हिवाळ्यात खेळायला इनडोअर कोर्ट मिळेना, तर चॅरिटी आणि डॉक्टर दोघांनी मिळून शाळेच्या शेवटच्या वर्षासाठी त्याला सेंट लुईसला पाठवला, रिचर्ड हडलिन नावाच्या शिक्षकाच्या घरी. हेही तसलेच, सेंट लुईसची सरकारी टेनिस कोर्टं काळ्यांनाही खुली व्हावीत म्हणून 1945 मधे खऱ्या कोर्टात गेलेले. आणि 1961 ला ॲशने शार्लट्सव्हिलची तीच स्पर्धा जिंकली, जिथे डॉक्टरांची पहिली दोन पोरं पहिल्या फेरीत गेली होती. त्या हरण्यापासून ह्या जिंकण्यापर्यंत दहा वर्षं! त्यानंतर 1968 ला यूएस ओपन. डॉक्टर 1971 ला गेले, म्हणजे ते तरी बघून गेले. टेनिसच्या हॉल ऑफ फेमने त्यांना घेतलं ते 2009 ला.

तर लिंचबर्ग. पियर्स स्ट्रीट हा अगदी साधा, चढणीचा रस्ता आहे, लाकडी घरं, समोर व्हरांडे. त्याच रस्त्यावर ॲन स्पेन्सर ह्या कवयित्रीचं घर आणि बाग आहे, ते म्यूझियम आहे. डॉक्टरांच्या घरापाशी माहितीची पाटी आहे. मागचं कोर्ट मधे बरीच वर्षं पार उखडून गेलं होतं, घरच्यांनी आणि गावातल्या लोकांनी खटपट करून काही वर्षांपूर्वी ते परत बांधून काढलं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. एकच कोर्ट आहे, भोवती घरं. लेक जाळीला तोंड लावून म्हणाली, एवढंच? मी म्हटलं हो गं, एवढंच.

तिथे उभी असताना मला आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कोर्ट आठवत होतं. ऑफिसर्स क्लबचं, मुरुमाचं, एकच. तिथले मार्करकाका सकाळी साडेपाचला येऊन पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, दोरी लावून फक्कीच्या रेघा मारायचे, आणि मग साहेब लोकांबरोबर खेळायचे. साहेब नऊला ऑफिसला गेले की आम्हा पोरांना आत घ्यायचे. आम्ही मेंबर नव्हतो, घ्यायची परवानगी नव्हती, ते घ्यायचे. साहेबांनी टाकलेल्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, स्वतः विणून द्यायचे, टक्कल पडलेले बॉल आमच्यासाठी गोणीत साठवून ठेवायचे. मी, माझा दादा, कोष्टी गल्लीतली चार पोरं, तहसीलमधल्या शिपायांची मुलगी, असे पंधरावीस जण त्यांच्या हाताखालून गेलो असू. मुलगी म्हणून मला कधी कडेला नाही बसवलं, उलट बॅकहॅंड नीट येईपर्यंत संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत बॉल टाकत राहायचे आणि मग सायकलवर मागे बसवून घरी सोडायचे. आमच्यातलं कोणी विम्बल्डनला गेलं नाही. एकजण राज्य शालेय स्पर्धेपर्यंत गेला, मी युनिव्हर्सिटी खेळले, आणि आता लेकीला बॉल टाकते तेव्हा हात त्यांच्यासारखाच वळतो.

लिंचबर्गहून परत आल्यावर रात्रीच दादाला फोन लावला, म्हटलं काकांचा एखादा फोटो शोध, मला त्यांच्याबद्दल लिहायचंय. त्याने क्लबच्या बक्षीस समारंभाचा एक जुना ग्रुप फोटो पाठवला, मधे पाहुणे, हारतुरे, कप, आणि अगदी टोकाला, अर्धे चौकटीबाहेर, काका बॉलचा डबा धरून. फोटोखाली सगळ्यांची नावं छापलीयत, काकांच्या जागी फक्त ‘मार्कर’. मी विचारलं, दादा, त्यांचं पूर्ण नाव काय रे? तो बराच वेळ गप्प बसला. आम्ही दहा वर्षं त्यांना मार्करकाकाच म्हणत होतो.

काका जाऊन सात वर्षं झाली. त्यांची मुलगी गावठाणात राहते, शाळेत शिपाई आहे. दादा रविवारी तिच्याकडे जाणार आहे. पूर्ण नाव विचारून ये म्हटलंय, आणि तिच्याकडे असेल तर एक चांगला फोटो, ज्यात ते मधे असतील.