कामाला लाव किंवा बाजूला ठेव

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये कराराची उपासना असते. सगळ्यांनी उभं राहून एक प्रार्थना म्हणायची. मी आता माझा नाही, तुझा आहे. तुला वाटेल तिथं मला ठेव. कामाला लाव किंवा बाजूला ठेव. भरलेला असू दे किंवा रिकामा. दोन मिनिटांत संपते. लहानपणापासून म्हणत आलोय, आणि खरं सांगायचं तर म्हणताना बऱ्याचदा डोक्यात एवढंच असायचं की मटणाच्या दुकानात किती गर्दी असेल.

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. लंडन मिशनची माणसं बेळगावात 1820 साली आली, पुढं काम मेथडिस्टांकडं गेलं. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले. त्यामुळं चर्च म्हणजे आम्हाला घरचं अंगणच. गायन मंडळात मी, नाताळच्या मंडपाला मी, मयताला खांदा द्यायला मी. कुणी विचारलं असतं, 'देवावर विश्वास आहे का?', तर मला त्या प्रश्नाचं हसूच आलं असतं.

उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझी भाड्याची शेड आहे. दोन जुने लेथ आणि कर्जावर घेतलेलं एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून येतात, आम्ही त्या टर्निंग करून, भोकं मारून परत देतो. माल पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या कारखान्याचा, मजुरी आमची. बीड कापताना जो काळा भुगा पडतो त्याला आम्ही बोरिंग म्हणतो. ते पुन्हा भट्टीत जातं, म्हणून त्याला किलोवर भाव आहे. आमच्या पार्टीशी बोली अशी होती की बोरिंग त्यांचं, पोत्यात भरून परत द्यायचं. थोडी घट ते धरून चालायचे. बिडाची धूळ उडते, फरशीच्या फटीत जाते, नाकात जाते. मालकाची माणसं घट फारशी तपासत नसत.

ती घट मी वाढवली. आठवड्याला साठेक किलो. शनिवारी संध्याकाळी ऑपरेटर गेला की दोन पोती मागच्या पत्र्याआड, आणि सोमवारी भंगारवाल्याचा टेंपो. 2015 ते 2018, चार वर्षं. पहिल्या महिन्यात छाती धडधडली, नंतर तेवढंही नाही. उद्यमबागेत हे कोण करत नाही, असं मी स्वतःलाच सांगायचो. (बरेच जण करत नाहीत. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं.)

2019 च्या जानेवारीत पाळकसाहेबांनी त्या प्रार्थनेवरच प्रवचन दिलं. जॉन वेस्लीनं ही उपासना लंडनमध्ये 1755 साली पहिल्यांदा घेतली, वगैरे सांगितलं आणि मग म्हणाले, "आपल्यात कारखानदार पुष्कळ आहेत. पार्टीचं अॅग्रीमेंट तुम्ही न वाचता सही करता का? मग हे का करता?" लोक हसले. मीही हसलो. उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. कमिटीला खजिनदार हवा होता. "तुमचंच नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. हिशेबाला चोख माणूस."

हातातला चहा गार झाला. 'विचार करून सांगतो' म्हणून मी घरी आलो आणि मटणसुद्धा नीट खाल्लं नाही.

त्या आठवड्यात मी एक वही काढली आणि हिशेब मांडला. साठ किलो, सरासरी 26 रुपये दर, म्हणजे आठवड्याला 1,560. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर 78,000. चार वर्षांचे 3,12,000. खाली रेघ मारली. आता हे परत कसं करायचं? शास्त्रात शोधलं. लेवीयच्या सहाव्या अध्यायात मोशेचा नियम आहे: कुणाचं लुबाडलं असेल तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे 62,400 धरून 3,74,400. पण लूकच्या एकोणिसाव्यात जक्कय जकातदार आहे, तो म्हणतो चौपट देतो. चौपट म्हणजे 12,48,000. त्या रात्री मी चटकन मोशेच्या बाजूचा झालो.

बायकोला सांगणं सगळ्यात जड गेलं. तिचं माहेर कोल्हापूरचं, बोलायला फटकळ. ती गप्प ऐकत होती. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं ते वेगळंच.

"दशांश त्यातनं पण दिलासा?"

दिला होता. बोरिंगचे पैसे आले की त्यातले दहा टक्के मी पाकिटात घालून दानपेटीत टाकायचो, अगदी न चुकता. चोरलेल्या बिडावरचा दशांश. चार वर्षांचा 31,200. हे ऐकून ती हसायला लागली, आणि हसता हसता मग रडली.

पाळकसाहेबांकडं गेलो तेव्हा खजिनदारकी नाकारली आणि कारणही सांगितलं. मला वाटलं होतं ते प्रार्थना करतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी मत्तयातली ती जागा काढून माझ्यापुढं सरकवली: वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. "प्रार्थना नंतर करू," म्हणाले. "आधी जाऊन या." मी जक्कयाचं विचारलं. ते म्हणाले, चौपटीचा आकडा जक्कयाला कुणी सांगितला नव्हता, तो आपल्या तोंडानं बोलला. तुमच्यानं जेवढं पेलेल तेवढं बोला, पण बोललात की पाळा.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी मी पार्टीच्या मालकाकडं गेलो. वयस्क माणूस, घरचं कन्नड, आमच्याशी बेळगावी मराठीत बोलणारा. वही पुढं ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी वही उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढला.

"याक हेळ्दी?" कशाला सांगितलंस? आणि मग मराठीत, "आता मला बाकीच्या जॉबवाल्यांवर पण संशय येणार की. तू तर सांगून मोकळा झालास."

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. मी माझ्या जिवाची सुटका बघत होतो, त्या माणसाच्या डोक्याला मी काय घोर लावला हे मला तिथं बसल्यावर कळलं. ठरलं ते असं: दरमहा 12,000, मोशेच्या हिशेबानं. आणि नवीन लॉट? "बघू."

त्या 'बघू'मध्ये पाच महिने गेले.

आता इथं एक सांगितलं पाहिजे. साक्षीच्या सभांत आपण काय ऐकतो? देवाला पहिलं स्थान दिलं आणि दुप्पट ऑर्डर आली. दशांश सुरू केला आणि मुलाला नोकरी लागली. कुणी उठून म्हणत नाही की खरं बोललो आणि शेड बंद पडली. मला त्या साक्षींचा राग येतो. खोट्या असतात असं नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं की देव म्हणजे चोख हप्ता देणारी भिशी. माझी शेड बंद पडली. त्या वर्षी मंदीही होती, वाहन उद्योग बसला होता, आसपासच्या शेडसुद्धा एका शिफ्टवर आल्या होत्या. त्यामुळं माझी ऑर्डर कबुलीनं गेली की मंदीनं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ज्या दिवशी जसं वाटायचं तसं मी त्याचं कारण लावायचो.

सीएनसीचा हप्ता 41,000. त्यात हे 12,000. एका हेल्परला सांगावं लागलं, बाबा रे, दुसरीकडं बघ. ऑपरेटर अर्ध्या पगारावर थांबला. त्याला मी खरं कारण सांगितलं होतं. तो म्हणाला, "मालक, पोती मला दिसायची." चार वर्षं त्याला दिसत होतं आणि चार वर्षं तो मला 'चर्चची माणसं' म्हणून मान देत होता. मालकाची चपराक परवडली.

मार्चपासून मी माच्छ्याकडच्या एका ओळखीच्या शेडमध्ये नाईटला जायला लागलो, ऑपरेटर म्हणून. तिसऱ्या रेल्वे गेटाशी गाडी अडली की शेजारच्या स्कूटरवरचा ओळखीचा विचारायचा, "काय, या वेळेला कुठं निघालास?" पहिले काही दिवस मी 'पार्टीकडं' म्हणायचो. मग तेही खोटंच की, असं लक्षात आलं आणि 'नाईटला' म्हणायला लागलो. तेवढा एक शब्द उच्चारायला मला आठवडा लागला. स्वतःचं सीएनसी असलेला माणूस दुसऱ्याच्या मशीनवर कापायच्या हत्याराचं इन्सर्ट बदलतोय, आणि तिथला पंचविशीतला सुपरवायझर सांगतोय, काका, मोबाइल बाहेर ठेवा.

सकाळी सुटलो की घरी जाण्याआधी स्वतःच्या शेडचं शटर उघडायचो. लेथ चालत नसला की बेडवर गंज धरतो, पावसाळ्याच्या तोंडावर तर दोन दिवसांत. म्हणून रोज कापसाच्या चिंध्या घेऊन ऑइल मारायचं. बेड पुसायचा, चक पुसायचा, टेलस्टॉक पुढं-मागं सरकवायचा. जॉब नसलेल्या मशीनला तेलपाणी. मग उपड्या घातलेल्या क्रेटवर बसून शास्त्र उघडायचं. आशीर्वादाची वचनं वाचवत नव्हती. तेरावं स्तोत्र वाचायचो, कारण त्यात दावीद सुरुवातीलाच पुन्हापुन्हा 'कोठवर?' म्हणून विचारतो, आणि ते मला शेजारच्या शेडवाल्यानं विचारल्यासारखं वाटायचं. प्रार्थनेत तर शब्दच यायचे नाहीत. कधी झोपच लागायची, हातात तेलकट चिंधी तशीच.

एके दिवशी, मे असावा, तिथं बसून मी जानेवारीची प्रार्थना पाठ आहे का बघितलं. 'कामाला लाव किंवा बाजूला ठेव' इथवर आलो आणि समोरच्या बंद मशीनकडं लक्ष गेलं. बाजूला ठेवलेलं मशीन. त्याच्यात बिघाड काही नाही, ते भंगारात काढलेलं नाही, रोज कुणीतरी येऊन पुसतंय. मी बराच वेळ तसाच बघत बसलो. देवानं काही सांगितलं असं मी म्हणणार नाही, मला असले आवाज येत नाहीत. पण त्या दिवशी घरी जाऊन मी सहा तास झोपलो, जे महिन्यांत झालं नव्हतं.

देवावर भाव ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी अजून तेल मारण्याचंच सांगतो. लोकांना वाटतं मी विषय बदलतोय.

पूर्ण समर्पण वगैरे मोठे शब्द आमच्या कन्व्हेन्शनात फार ऐकायला मिळतात. माझ्या बाबतीत ते असं तुकड्यातुकड्यानं झालं. बोरिंग सुटलं, पण मग दिसलं की वीज मीटरच्या बाबतीतही आपण घरमालकाशी गोड बोलून हिशेब वाकवलाय. तो सरळ केला. मग भावाशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं, तिकडं गेलो. ते अजून पुरतं मिटलेलं नाही. एकदा करारावर सही केली की कलमं वाचायला वेळ लागतो.

पार्टीचे हप्ते 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. लॉकडाऊनमध्ये चार महिने मालकांनीच फोन करून 'राहू दे' म्हणून सांगितलं. शेवटचा हप्ता 2,400 चा. पावती घेऊन घरी आलो तर बायकोनं कुंदा आणून ठेवला होता. खजिनदार मी आजही नाही. पुन्हा विचारलं होतं, मी नको म्हणालो. दानपेटी मोजायला मात्र बसतो, पण दोघं जण असतील तरच.

ऑर्डर आली ती जुलै 2019 मध्ये, भर पावसात. चाळीस बॉडींचा छोटा लॉट, नेहमीच्या निम्मासुद्धा नाही. टेंपोबरोबर त्यांचा एक पोरगा होता, विशीतला, हातात वजनाची वही आणि डिजिटल काटा. मालकांनी सांगितलं होतं, काम संपेपर्यंत शेडमध्येच बसायचं. मला लाज वाटली आणि हसूही आलं. ऑपरेटरला राग आला होता, त्याला मी खूण करून गप्प बसवलं.

पोरानं प्रत्येक बॉडी आधी मोजली, झाल्यावर पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम उरकलं. बोरिंग पोत्यात भरलं, पोती काट्यावर चढवली, त्यानं आकडे लिहिले. घट निघालीच थोडी, निघणारच. तो पेनाचं टोपण चावत आकडेमोड करत बसला. मी झाडू घेतला आणि मशीनखालचं, फरशीच्या फटीतलं, शटरच्या पट्टीतलं सगळं ओढून सुपात भरलं. निम्मं बीड, निम्मी माती.

"अंकल," तो म्हणाला, "हे झाडलेलं पण मोजू का?"

"मोज की," म्हटलं.