तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांनी लिहिलं, मग देवाचं कसं?

मुद्रितं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, शंका आली तिथे समासात प्रश्नचिन्ह घालायचं आणि कागद लेखकाकडे परत पाठवायचा. त्यामुळे मी ख्रिस्ती आहे हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो, कधी कुतूहलानं, कधी जरा डिवचायला: "तुमचा तर साध्या स्वल्पविरामावरही विश्वास नसतो. मग इतक्या माणसांच्या हातून उतरलेलं बायबल देवाचं वचन आहे, हे तुम्हाला कसं पटतं?"

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. ६६ पुस्तकं, चाळीसेक लेखक, इब्री, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषा, शेकडो वर्षांचा काळ, आणि तरी सूत्र एकच. देवाशिवाय हे जमेल का? कॅथलिक बायबलात पुस्तकं ७३ आहेत, तेवढा फरक सोडला तर यात खोटं काही नाही. पण एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "सूत्र जुळावं म्हणूनच पुस्तकं निवडली असतील ना? संपादक दुसरं काय करतो?" मी गप्प बसले. संपादक काय करतो हे मला नको इतकं माहीत होतं.

तेव्हापासून घाईनं उत्तर देणं सोडलं.

आधी दावा नेमका काय आहे ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे 'अपौरुषेय' हा शब्द आहे. वेद कुणा पुरुषानं रचलेले नाहीत, असं मानणाऱ्यांचा तो शब्द. धर्मग्रंथ म्हटला की आपल्या मनात तोच साचा तयार असतो. बायबलबद्दलचा ख्रिस्ती दावा त्या साच्यात बसत नाही. बायबल पौरुषेय आहे, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेखांना 'परमेश्वरप्रेरित' म्हटलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द 'थिओप्न्यूस्तोस'. शब्दशः अर्थ, देवाच्या श्वासातून आलेलं. येशूचा शिष्य पेत्र याच्या दुसऱ्या पत्रात हेच वेगळ्या तऱ्हेनं येतं: माणसं बोलली, पण पवित्र आत्म्यानं त्यांना वाहून नेलं. बोलली मात्र माणसंच.

आणि कसली माणसं! ज्या पत्रात 'परमेश्वरप्रेरित' हा भारदस्त शब्द आहे, त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये, आणि चर्मपत्रं विसरू नकोस. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी लेखनिक मध्येच डोकं वर काढतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही सलाम. (माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाक्य किती प्रिय असेल, सांगायला नको.) करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर पौल ठामपणे म्हणतो की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा मी केलेला नाही. मग आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणखी कुणाचा केला असेल तर लक्षात नाही. हे मुद्रित माझ्याकडे आलं असतं तर मी वाक्य सरळ करून मागितलं असतं. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सुरुवातीला दृष्टान्ताचं, साक्षात्काराचं नावही काढत नाही. आधीच्यांनी लिहून ठेवलंय, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलंय, मी सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय, एवढंच म्हणतो. चांगल्या वार्ताहराची प्रस्तावना.

म्हणजे 'माणसांनी लिहिलंय' हा आक्षेप घेऊन कुणी आलं की मला त्याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटते. आपण एकाच बाजूचे. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी देव खरोखरचा माणूस झाला, त्याला भूक लागली, तो दमला, रडला, ही गोष्ट आहे. ती मानणाऱ्यांना देवाचं वचन माणसाच्या विसराळू, झगा मागणाऱ्या भाषेत यावं हे विसंगत वाटत नाही.

ठीक, दावा कळला. पण तो खरा कशावरून?

इथे बरेच जण उत्खननाकडे धावतात. मला त्यातल्या गोष्टी आवडतात. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. दुसऱ्या राजांच्या पुस्तकानुसार हिज्कीया राजानं त्याला ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ३०० किक्कार चांदी खंडणी दिली. सन्हेरीबाचे स्वतःचे कोरीव लेख सापडलेत. त्यांत सोनं ३०च आहे, चांदी मात्र ८००. हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं अशी बढाई तो मारतो, पण शहर घेतलं असं म्हणत नाही. बायबलही म्हणतं की शहर पडलं नाही. शत्रूच्या दप्तरातून अशी साक्ष निघाली की अंगावर रोमांच येतात, खोटं कशाला बोलू. पण यातून सिद्ध होतं ते इतकंच की लिहिणाऱ्यांचे पाय जमिनीवर होते. गॅझेटियर अचूक असतं म्हणून त्याच्यापुढे कुणी गुडघे टेकत नाही.

भविष्यवाण्यांचं प्रकरण याहून अवघड. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ५३व्या अध्यायात एक निरपराध सेवक येतो: तुच्छ मानलेला, इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला, वधाला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा गप्प. पूर्वी कुणालाही शंका घेता आली असती की येशूनंतर ख्रिस्ती हातांनी तर हा मजकूर रंगवला नाही? मग १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांत यशयाची जवळजवळ संपूर्ण गुंडाळी होती, सात मीटरांहून लांब, येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षांपूर्वीची. तोवर हाताशी असलेली संपूर्ण इब्री जुन्या कराराची (बायबलाच्या येशूआधीच्या भागाची) सर्वांत जुनी तारीख घातलेली प्रत होती इसवी सन १००८ च्या आसपासची. मधे हजाराहून जास्त वर्षं आणि कितीतरी नकलनवीस. तरी मजकूर तोच. फरक आहेत ते बहुतेक शुद्धलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे. एका मुद्रितशोधकाचं त्या अनाम नकलनवीसांना साष्टांग दंडवत.

पण इथेही हात आखडता घ्यायला हवा. मजकूर जुना आहे हे ठरलं. त्यातला सेवक म्हणजे येशूच, हे गुंडाळी सांगत नाही. ज्यू वाचकांची मोठी परंपरा त्या सेवकात दुःख भोगणारं इस्राएल पाहते. शिवाय शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना यशया तोंडपाठ होता, त्यांनी कथा त्या रंगात सांगितली असणार, असं कुणी म्हटलं तर ते वेडेपणाचं नाही. मी तो अध्याय वाचते तेव्हा मला क्रूस दिसतो. पण मी आधीच त्या बाजूला उभी आहे, हे मला ठाऊक आहे.

मग खुंटी कुठे आहे, जिच्यावर हे सगळं टांगलंय? माझ्या मते ती येशूपाशी आहे. बहुतेक ख्रिस्ती लोक पुस्तकावर विश्वास ठेवून येशूपर्यंत पोचतात असं बाहेरून वाटतं. माझा अनुभव उलटा आहे: येशूवर विश्वास बसला आणि तो पुस्तकाकडे कसा पाहत होता हे नंतर लक्षात आलं.

तो कसा पाहत होता? सैतानानं मोह घातला त्या प्रसंगी तिन्ही वेळा त्याचं उत्तर एकाच धाटणीचं: 'असं लिहिलेलं आहे.' क्रूसावरचा 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' हा आक्रोश २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातली बारीकशी जागा. पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य. उत्पत्तीत ते देवाच्या तोंडी नाही. निवेदकाचं आहे, गोष्ट सांगणाऱ्याचं. येशू ते उद्धृत करतो आणि म्हणतो, उत्पन्न करणाऱ्यानं असं म्हटलं. निवेदकाचं वाक्य सरळ देवाच्या नावावर! अवतरणचिन्हांवर आयुष्य काढलेल्या मला ही जागा दिसली त्या दिवशी मी काम बाजूला ठेवलं होतं.

"हे तर गोल गोल फिरणं झालं," असं तुम्ही म्हणाल. "बायबल खरं, कारण येशू म्हणतो; येशू म्हणाला, हे कशावरून? तर बायबलावरून." आक्षेप रास्त आहे. पण पहिल्या पायरीवर शुभवर्तमानं आणि पत्रं देवाची मानायची गरजच नाही. पहिल्या शतकातले साधे कागद म्हणून हाती घ्या. करिंथकरांचं पहिलं पत्र येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलं गेलं. त्याच्या १५व्या अध्यायात पौल पुनरुत्थित येशूला पाहणाऱ्यांची यादी देतो, एका वेळी पाचशेहून अधिक भावांना तो दिसला म्हणतो, आणि पुस्ती जोडतो की त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. ही साक्ष ज्याला खोटी वाटते त्याला माझं पुढचं सगळं बोलणं पोकळ वाटणार, आणि ते बरोबरच आहे. ज्याला ती खरी वाटते, त्याला मेलेल्यांतून उठलेल्या माणसाचं शास्त्राबद्दलचं मत बाजूला टाकता येत नाही.

हा तर्क जुन्या कराराला लागू पडतो. नव्याचं काय? आत्मा तुम्हाला सगळं शिकवील आणि आठवण करून देईल, हा येशूचा शब्द शिष्यांपाशी होता, आणि पेत्राचं दुसरं पत्र पौलाच्या पत्रांना 'इतर शास्त्रलेखां'च्या रांगेत बसवतं. (त्यांत समजायला कठीण असं काही आहे, असा शेराही मारतं. आभारी आहे.) आज नव्या करारात आहेत तीच २७ पुस्तकं, तेवढीच, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इसवी सन ३६७ च्या पत्रात मोजलेली दिसतात. मधल्या काळात इब्रीकरांस पत्र, याकोबाचं पत्र, प्रकटीकरण यांवर खल झाला. माझ्या सहकाऱ्यांचा 'संपादक' तो हाच. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, म्हणणं असं की आम्ही पुस्तकांना अधिकार दिला नाही, होता तो ओळखला. दिलेलं आणि ओळखलेलं यांतला फरक बाहेरच्या माणसाला दिसणं कठीण आहे, हे मी कबूल करते.

एक गोष्ट मात्र संपादकाच्या नजरेनंच माझ्या मनात रुजली. स्वतःच्या माणसांची लाज झाकायची संधी या पुस्तकानं जागोजागी सोडलीय. दावीद हा इस्राएलचा लाडका राजा. तो उरीयाची बायको भोगतो आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवतो. मग नाथान संदेष्टा येऊन एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापतो, असा माणूस मरणदंडाला पात्र आहे म्हणतो, आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." राजाच्या दरबारी बखरीत हे राहू कसं दिलं? बरं, राहिलं ते राहिलं. शेकडो वर्षांनी मत्तय येशूची वंशावळ लिहायला बसतो तेव्हा बथशेबेचं नाव न घेता 'उरीयाची बायको' असं लिहितो. जखम पुन्हा उघडी. येशूला अटक झाली तेव्हा पेत्रानं त्याची ओळखच नाकारली, हे तर चारही शुभवर्तमानांत आहे. एवढं निर्दय संपादन आपल्याच लोकांवर कुणी करत नाही.

आणि नाथानाची गोष्ट वाचणाऱ्याशीही तशीच वागते. तुम्ही मजेत राजाचा निवाडा ऐकत असता आणि बोट तुमच्याकडे वळतं.

वडील गेले त्या वर्षी मला प्रार्थना जमत नव्हती. भेटायला येणारे धीराची वचनं सांगत, आणि मला ती सगळी दुसऱ्या कुणाच्या तरी पत्त्यावरची पत्रं वाटत. एका रात्री ८८वं स्तोत्र समोर आलं. तक्रारीची बाकीची स्तोत्रं शेवटी बहुधा आशेकडे वळतात. हे वळत नाही. इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. आणि हे उपासनेत गायचं गीत, कोरहाच्या मुलांचं. देवाला उद्देशून लिहिलेली देवाविरुद्धची फिर्याद, देवाच्याच पुस्तकात जपून ठेवलेली. माझ्याकडे शब्द नव्हते तेव्हा त्यानं आपल्या बाजूनं ते पाठवले, असं मला त्या रात्री वाटलं, आणि आजही वाटतं.

सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिननं याला आत्म्याची आतली साक्ष म्हटलं. युक्तिवाद कितीही रचले तरी खात्री शेवटी त्या साक्षीनंच पटते, असं त्याचं म्हणणं. तुमच्यासमोर टेबलावर ठेवता येईल असा हा पुरावा नव्हे, आणि म्हणूनच मी तो सर्वांत शेवटी सांगते. पण तो लपवून फक्त सन्हेरीबाच्या चांदीबद्दल बोलत राहिले तर ती लबाडी होईल.

"मग चुका?" हा पुढचा प्रश्न. यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. १९७८ च्या शिकागो निवेदनावर सह्या करणारे मूळ लेखनात कसलीच चूक मानत नाहीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये वेगळा भर दिला: आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून ठेवायचं होतं, ते शास्त्र निर्दोष शिकवतं. मला दुसरी मांडणी जवळची वाटते, पण पहिलीवाल्यांशी माझं भांडण नाही. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या १२ ओव्या (वचनं) सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, हे आजची भाषांतरं तिथल्या तिथे छापतात, याचं मला समाधान आहे.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं बायबलाचा भाषांतरकार जेरोम याला एका पत्रात लिहिलं होतं की शास्त्रात काही खटकलं तर मी तीनच शक्यता धरतो: प्रत सदोष असेल, भाषांतरकार चुकला असेल, किंवा मला कळलं नसेल. आमच्या धंद्याचा हा सगळा नियम एका वाक्यात आला.

माझ्या बायबलात समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं आहेत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणाच्या दोन वेगळ्या हकिकतींपाशी एक आहे. ते आता मला फारसं छळत नाही. यहोशवाच्या पुस्तकात, जिथे शहरंच्या शहरं माणसांसकट नष्ट होतात, तिथे बरीच आहेत. काही मी वाचून, विचारून, वर्षानुवर्षं थांबून खोडली. सहाव्या अध्यायापाशी दोन अजून तशीच आहेत, आणि दर वेळी तिथे आले की मी पेन्सिल पुन्हा गडद फिरवते, म्हणजे लेखकाच्या नजरेतून सुटायला नको.