मिट कोणता, आणि मी एक नाव का सांगत नाही

कुणी गाडी धुवायच्या दोन मिटचे, म्हणजे हातात घालायच्या मऊ मोज्यांचे, फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, ‘डावा की उजवा?’ कुणी म्हणतं, ‘तू वापरतेस तोच सांग, बाकी काही नको.’ मग मी विचारायला लागते: बादल्या किती आहेत, गाडीचा रंग कोणता, पाण्याला जोर आहे का, दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात. तिसऱ्या प्रश्नाला समोरच्याचा धीर सुटतो. ‘अगं, हातमोजा घ्यायचाय, सोयरीक नाही जुळवायची,’ असं एकीने मला ऐकवलं होतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं लिहून टाकते. स्पंज आणि जुनी फडकी तुम्ही केव्हाच सोडलीत, हे धरून चालते. नाव सांगत नाही म्हणजे ही भाव खाते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीही हे आहे. नाव मी एकदा सांगितलं होतं. छातीठोकपणे.

तेव्हा माझा पक्ष लोकरीचा होता. मेंढीच्या कातड्यावर लोकर तशीच ठेवून शिवलेला मिट भिजवून हातात घातला की दुसरं काही नको वाटतं. हात आणि पत्रा यांच्यामध्ये फेसाची गादी अंथरल्यासारखं वाटतं. त्यामागचा तर्कही पक्का आहे. सपाट स्पंजाखाली आलेल्या कणाला जायला जागा नसते. तो रंगावर दाबला जातो आणि हात फिरेल तिकडे घासत फिरतो. लोकरीचे केस लांब, त्यामुळे कण त्यांच्यात वर ओढला जातो आणि रंगापासून लांब राहतो. हे सगळं तेव्हा खरं होतं, आजही आहे. आत ओढलेला कण मग बाहेर कधी येतो, एवढंच मी स्वतःला विचारलं नव्हतं.

माझा आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने पहिली गाडी घेतली ती जुनी, पण रंग धड असलेली. काळी. चमचम असलेली मेटॅलिक काळी नव्हे, नुसती काळी, खोल विहिरीतल्या पाण्यासारखी. मी त्याला नवा लोकरी मिट दिला. ‘ताई, कसा वापरायचा?’ त्याने विचारलं. मी म्हणाले, ‘हा? हा डोळे मिटून वापर.’ मिट आणि मिटून. मला माझाच विनोद फार आवडला होता.

चार महिन्यांनी एका रात्री त्याने मला गाडीपाशी नेलं आणि मोबाइलची बॅटरी बॉनेटवर धरली. उजेडाभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. बॅटरी सरकवली की जाळंही सरकायचं. ‘मी हात गोल फिरवला म्हणून झालं का गं हे?’ तो म्हणाला. मी तत्परतेने समजावलं, की ओरखडे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यातले उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. माहिती बरोबर होती. तो विचारत होता ते वेगळं होतं.

मग मी उलटतपासणी सुरू केली. बादल्या किती? एक. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवतोस? कधीकधी. मिट कुठे वाळवतोस? उन्हात, गाडीच्या टपावरच. मिट हातात घेतला तर कातडं कडक झालेलं, लोकरीच्या गाठी वळलेल्या. प्रत्येक उत्तराला मला बरं वाटत होतं, हे आता लिहायला लाज वाटते. शेवटी तो हळूच म्हणाला, ‘पण तू म्हणाली होतीस डोळे मिटून.’ त्यावर मी काय बोलावं? ‘मग आता डोळे मिटूनच बघ, दिसणार नाहीत.’

तो हसला. ताईपुढे हसावं लागतं म्हणून हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धडा द्यायला गेले. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती मिटला परत लागू नये. सगळ्या गाडीला आधी फेस मारला, तो थोडा वेळ मुरू दिला, मग जोराच्या पाण्याने उडवला. गाडी सावलीत, पत्रा गार. वरून खाली यायचं, सरळ हात मारायचा, दर थोड्या वेळाने मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. मिट माझा स्वतःचा, घरून आणलेला. लोकरीचाच. टप झाला, बॉनेट झालं, मागचं डावं दार चाललं होतं. साधं पाणी गढूळ झालं म्हणून तो बादली घेऊन आत गेला, आणि मिट माझ्या हातातून निसटून जमिनीवर पडला. लोकरीची बाजू खाली.

पडलेला मिट त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचा नाही, हा नियम मीच त्याला अर्ध्या तासापूर्वी सांगितला होता. तेही बोट नाचवून. दुसरा मिट माझ्या पिशवीत होता. पिशवी गाडीच्या पलीकडे, मोजून चार पावलांवर. मी पडलेला मिट शॅम्पूच्या बादलीत तीनदा बुचकळला, पिळला, तळहाताने चाचपला, काही लागलं नाही, आणि दाराला लावला.

का, हे मला कुणीच विचारलेलं नाही, कारण हे कुणाला माहीतच नाही. कारणं आहेत. दारावरचा फेस वाळायला आला होता. आतेभाऊ परत येईपर्यंत ते दार पुरं झालेलं दिसावं असं मला वाटत होतं. आणि मी गाडी धुताना चुकत नाही, असं मी तेव्हा मानत होते.

आवाज आधी आला. ओल्या फेसाखाली खडा घासल्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण दातांना कळतो. हात थांबेपर्यंत वीतभर चरा गेला होता. फेस बाजूला सारून मी नख फिरवलं. नख अडलं.

नख अडलं याचा अर्थ काय, ते सांगते. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस बहुधा त्याहून जाड भरतो. पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. बारीक जाळं काही मायक्रॉन देऊन निघतं. नख अडणारा चरा पुरता काढायला गेलं तर त्या जागी थर फारच पातळ उरतो किंवा उरतच नाही, आणि मग खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारं फारसं काही राहत नाही. धुळीतली वाळू बहुतेक क्वार्ट्झची. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या मापनीवर क्वार्ट्झ ७, काच साडेपाचच्या आसपास. काचेवर जे ओरखडा काढतं त्याच्यापुढे ह्या थराची काय कथा!

तो भरलेली बादली घेऊन आला तेव्हा दारावर पुन्हा भरपूर फेस होता. मीच ओतला होता. गाडी पुसताना त्याला चरा दिसला. वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘हाही माझाच असणार.’ मी ‘अं’ म्हणाले. ‘हो’ म्हणाले नाही. त्या एका ‘अं’च्या आधारावर मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते, की मी खोटं बोललेले नाही.

पुढे त्याने मशीनने पॉलिश करून घेतलं. जाळं बरंचसं गेलं. दारावरचा चरा राहिला.

आता कुणी म्हणेल, मिट पडला, तू उचललास, दोष हाताचा. यात लोकरीचं काय चुकलं? मीही स्वतःला हेच सांगितलं आणि आणखी काही महिने लोकरच वापरली. पण एकदा धुऊन झाल्यावर मी मिट पांढऱ्या टबात स्वच्छ पाण्यात दाबून बघितला. पाणी स्वच्छच राहिलं. मग केस बोटांनी मुळापर्यंत फाकवले आणि पुन्हा दाबला, तर तळाशी वाळू उतरली. म्हणजे जो गुण म्हणून मी गात होते तोच दोष होता: लोकर कण आत घेते आणि सोडत नाही. तळहाताने चाचपून काही लागत नाही, कारण खडा केसांच्या मुळाशी, कातड्यापाशी बसलेला असतो. हात दाबला की तो खाली येतो.

मग शेनील. जाड, गुबगुबीत बोटं लोंबणारा तो मिट. शेनील हा फ्रेंच शब्द मुळात सुरवंटाचा, आणि दिसतंही तसंच काहीतरी. तो पाणी भरपूर धरतो, धुवायला सोपा, वाळतो लवकर. पण दोन बोटांच्या मधल्या खाचेत, कापड शिवलंय तिथे, कण अडकून बसतो. काहींच्या आत स्पंजाची वडी असते, तिच्यामुळे तो हाताबरोबर वाकत नाही आणि आपण नकळत जोर लावतो. जोर हा मुद्दा मिटपेक्षा मोठा आहे, पण तो विकत मिळत नसल्याने कुणी विचारत नाही. मी शेनीलवर फार थांबले नाही. चाकांना ठीक आहे. चाकांचा मिट मात्र वेगळाच ठेवा. ब्रेकची लोखंडी भुकटी एकदा त्यात शिरली की तो पुन्हा रंगाला लावायचा नाही.

सध्या मी मायक्रोफायबरवर आहे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे तंतू चिरून बारीक केलेले, एक डेनियरहून कमी. डेनियर म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचं ग्रॅममधलं वजन; इतका लांब धागा, आणि त्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. केस मध्यम लांबीचे, दाट. कडक शिवण आतल्या बाजूला हवी आणि कडेला उसवलेला प्लॅस्टिकचा दोरा नको. लेबल कात्रीने कापून टाकायचं, धुलाईच्या सूचना छापलेलं ते टोकदार लेबलच रंगावर फिरलेलं मी पाहिलं आहे. कापड मऊ करणारं औषध लावायचं नाही, ते तंतूंवर बसतं आणि मग कापड नुसतं वरवर सरकतं. फार गरम पाणीही नको.

आणि एकच नाही, पाच-सहा. एक मिट टपाला, एक बॉनेटला, एक-एक बाजूंना, शेवटचा दारांच्या खालच्या भागाला, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच. वापरलेला मिट त्या दिवसापुरता बादलीत परत जात नाही. म्हणजे मिट स्वच्छ होतो की नाही हा प्रश्नच मी टाळला. हे उत्तर झालं की पळवाट, ते तुम्ही ठरवा. माझ्यातली जुनी ताई म्हणते, पळवाट. ‘दोन बादल्या आणि एक चांगला मिट’ ह्यावर इतकी वर्षं लोकांची डोकी खाल्लीस, आणि आता मिटांचा ढीग घेऊन बसलीस. तिला माझ्याकडे धड उत्तर नाही. कारण अजूनही रंगाचा थर मऊ असलेली एखादी काळी गाडी हाताखाली आली की माझा हात आधी लोकरीकडे जातो. फेसाची ती गादी मायक्रोफायबरला नाही. कपाटात एक नवा लोकरी मिट आहे, सावलीत वाळवलेला, विंचरलेला. तो मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही आणि स्वतः वापरते, हे प्रामाणिकपणाचं आहे का, मला सांगता येणार नाही.

रंगावर वरून संरक्षक थर चढवून घेऊन ‘कोटिंग केलंय, आता काय होतंय?’ म्हणणाऱ्यांसाठी एकच वाक्य: कोटिंगवर माती कमी चिकटते, वाळू त्यालाही ओरखडते.

आतेभावाने गेल्या महिन्यात ती गाडी विकली. नवी घेतोय, पांढरी. पांढऱ्यावर जाळं सहज दिसत नाही. ओरखडे तितकेच पडतात, फक्त कुणी रात्री बॅटरी घेऊन बोलवत नाही. त्याचा मेसेज आला: ‘ताई, मिट कोणता घेऊ?’ इतकं होऊन त्याने मलाच विचारलं. त्याला उत्तर लिहायला बसले आणि हे झालं. मागच्या डाव्या दाराचं त्याला आता इथेच कळेल. ती गाडी दुसऱ्याची झाल्यावर सांगते आहे, हेही तो बघेलच.

बाकीच्यांनी मिटचे फोटो पाठवणं थांबवा. बादल्यांचे पाठवा.