बाबा बुडनगिरीच्या डोंगरात चेरी वाळताना

हरिहरला पुणे-बंगळूर हायवे सोडला की शिमोगा, तरीकेरे करत चिकमगळूर येतं, आणि तिथून घाट चढायला लागलो की दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची सरळसोट झाडं, त्यांच्यावर चढलेल्या मिरीच्या वेली आणि खाली सावलीत कॉफी. १७व्या शतकात बाबा बुडन या सुफी संतांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि इथेच लावल्या अशी कथा आहे, इथे ती प्रत्येकजण सांगतो. शेजारीच मुळ्ळय्यनगिरी, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर, साधारण १९३० मीटर.

मला बघायची होती ती नॅचरल प्रोसेस, म्हणजे कॉफीचं फळ (चेरी) न सोलता अख्खंच वाळवायचं. आता गंमत बघा, ही पद्धत इथे काही नवीन नाही. पूर्वीपासून तिला नुसतं 'चेरी' म्हणतात आणि ती हलकी समजायचे. चांगला माल सोलून धुऊन पार्चमेंटला, म्हणजे पातळ टरफलातली बी वाळवायला जायचा आणि शेवटी झाडावर उरलेलं कच्चं-पिकलं सगळं ओरबाडून अंगणात जाड थर देऊन पसरायचं, ती चेरी. बदनाम झाली ती पद्धत, खरा दोष हयगयीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मी गेलो त्या कॉफीच्या मळ्यात जे बघितलं ते वेगळंच होतं. एकाच फांदीवर हिरवी, पिवळट, लाल अशी फळं असतात, त्यातली फक्त लालभडक तेवढी बायका बोटांनी खुडत होत्या, त्यामुळे त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परत यावं लागतं. मग पाण्याच्या टाकीत टाकून तरंगणारी पोचट फळं बाजूला, आणि बाकीची जाळीच्या रॅकवर पातळ पसरायची, आपल्या तासगावकडे बेदाण्याची असते तशीच मांडणी. सुरुवातीचे दिवस सारखं हलवत राहायचं, नाहीतर बुरशी येते किंवा आंबणं हाताबाहेर जातं. संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं. ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास यायला तीन-चार आठवडे जातात आणि मधेच अवकाळी आला की सगळी धावपळ.

उंचीचं म्हणाल तर वर रात्री गार असतात, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते आणि गोडी-आंबटपणा दोन्ही भरायला वेळ मिळतो. वाळताना गरातली साखर आंबते, त्याचा परिणाम बीवर होतो. तिथे एस ७९५ या अरेबिका जातीची नॅचरल कॉफी प्यायलो, दूध-साखर काही नाही, आधी पिकल्या फळाचा गोडवा आणि मग मागून हलका आंबटपणा. मला फार आवडली.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जा, अरेबिकाची तोडणी आणि वाळवणी दोन्ही चालू असतात, आणि मळेवाल्यांना आधी फोन करून विचारा कारण तो त्यांचा वर्षातला सगळ्यात गडबडीचा काळ असतो. आणि रॅकवरच्या चेरीला न विचारता हात लावू नका.